सेन्सर गप्प बसतो तेव्हा

पंच्याऐंशी हा आकडा कुठेही दिसला, की मी आधी शंका घेतो. सवय कामामुळे लागली आहे.

डीएस१८बी२० नावाचा एक डिजिटल तापमान-सेन्सर मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत मागितला, तर दुकानदार मान वर न करता डबा पुढे सरकवतो. तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा काळा तुकडा. पाण्यात किंवा दुधात बुडवायचा असेल तर तोच स्टीलच्या नळीत बसवून, मीटरभर वायरसकट मिळतो. मूळचा डॅलस सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीचा. ती कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने. बाजारात त्याच्या नकलाही भरपूर आहेत, अंगावर तोच नंबर छापलेल्या.

हा कॉम्प्युटरला जोडणं एका संध्याकाळचं काम आहे. एक वायर विजेची, एक ग्राउंडची, एक माहितीची. माहितीच्या आणि विजेच्या वायरमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. मधे अर्डुइनो किंवा ईएसपी३२चा छोटा बोर्ड, तिथून यूएसबी केबल पीसीला. बोर्ड विचारतो, ‘मोज.’ सेन्सरला पूर्ण बारीकसारीक मोजायला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. मग तो नऊ बाइट्स परत देतो. त्यातला शेवटचा बाइट हिशेब जुळवायचा. वाटेत एखादं अक्षर बिघडलं तर त्यावरून कळतं. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातूनच स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे एकाच वायरवर दहा सेन्सर लावले तरी कोण बोलतंय ते समजतं. एकूण फार सभ्य यंत्र आहे.

फक्त एक खोड आहे. वीज मिळाल्या मिळाल्या, काहीही मोजायच्या आधी, त्याच्या स्मृतीत ८५ हा आकडा असतो. घाईने वाचलं, किंवा मोजता मोजता वीज क्षणभर दबली, तर तो शांतपणे ८५ अंश सांगतो. हिशेबाचा बाइटही बरोबर जुळतो. म्हणजे निरोप अक्षरशः जसाच्या तसा पोचला, फक्त मजकूर निराधार. हे लपवलेलं नाही, माहितीपत्रकात छापलेलं आहे. पण माहितीपत्रक कोण वाचतं?

दुसरा एक आकडा आहे, उणे १२७. हा सेन्सर देत नाही. अर्डुइनोवर बहुतेक लोक जी तयार लायब्ररी वापरतात, ती सेन्सर सापडला नाही की हा आकडा देते. सेन्सरची झेपच मुळी उणे ५५ पासून अधिक १२५ पर्यंत, त्यामुळे उणे १२७ खरा असूच शकत नाही. ज्याने कुणी तो निवडला त्याने विचार करून निवडला असणार: ‘मला माहीत नाही’ असं सांगायचंय, जागा मात्र आकड्याचीच आहे, तर असा आकडा देऊ की ज्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. हा माणूस मला आवडतो. ८५ आणि उणे १२७ यांच्यातला फरक तसा तांत्रिक आहे. पण गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात तो तांत्रिक राहिलेला नाही.

दौंड तालुक्यात केडगाव, चौफुला, राहू या पट्ट्यात फिरलात तर गुऱ्हाळांची धुराडी दिसतात. माझ्या एका मित्राच्या घरचं गुऱ्हाळ आहे. त्याला काहिलीत सेन्सर लावून घरच्या लॅपटॉपवर आलेख बघायचा होता. रस तापायला लागतो, भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती काढतात, मग पाणी आटत जातं तसं तापमान शंभराच्या वर चढतं. १०५ च्या आसपास उतरवलं तर काकवी, ११८ च्या आसपास उतरवलं तर ढेप. आता यात ८५ कुठे येतं बघा. रस तापताना बरोब्बर वाटेत. दुधाच्या टाकीत ८५ दिसलं तर शेंबडं पोरही हसेल. काहिलीत ८५ दिसलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच बिघाड एका ठिकाणी उघडा पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी खपून जातो.

त्यात आणखी एक गंमत. हा सेन्सर स्क्रीनवर ११७.५६२५ असे चार दशांश दाखवू शकतो, कारण तो अंशाचे सोळा भाग करतो. पण कंपनीची हमी उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या फरकाची, आणि त्यापलीकडे दोन अंशांची. गुळाला जिथे गरज आहे तिथे, म्हणजे ११८ पाशी, खरं तापमान ११६ असू शकतं किंवा १२० असू शकतं. चार दशांश दिसतात मात्र तसेच, आत्मविश्वासाने. (अशा कामाला खरं तर थर्मोकपल लावतात. आम्हीही पुढे तेच केलं. त्याची वाचायची जी स्वस्त चिप मिळते, मॅक्स६६७५, तिच्यात ‘वायर तुटली आहे’ हे सांगायला एक वेगळा बिट राखून ठेवलाय. न कळण्यासाठी राखीव जागा. चिप बनवणाऱ्यांत एवढी सभ्यता असते!)

तिथले गुळवे मामा आमची खटपट बघत होते. त्यांची पद्धत जुनी: उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी होते का बघायचं. आमचा आकडा बरोबर ठरला तरी त्यांना आनंद नाही, चुकला तरी दुःख नाही. यातून ‘अनुभव श्रेष्ठ, यंत्र कनिष्ठ’ असला निष्कर्ष काढायची मला अजिबात हौस नाही. बोटंही चुकतात, आणि चुकलेल्या ढेपा मी बघितल्यात. माझ्या लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट. एक दिवस चोपण जमिनीतला ऊस आला. मामांनी दोनदा गोळी करून बघितली आणि मित्राच्या वडिलांना म्हणाले, “मालक, ह्या उसाचं मला आत्ताच सांगता येत नाही. जरा कढू द्या, बघू.” आमच्या स्क्रीनवर त्या क्षणी चार दशांशांसकट आकडा होता.

आम्ही इंजिनिअर लोक समजतो की सेन्सर म्हणजे डोळा. स्क्रीनवर आकडा आला म्हणजे आपण तापमान ‘बघितलं’. मला हे पटेनासं झालंय. न्यायदर्शनात ज्ञान मिळवायची चार साधनं, चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नव्हे, तर आप्ताने सांगितलेलं. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन आप्ताचं लक्षण साधारण असं देतो: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण तेच.

स्क्रीनवरचा आकडा हे माझ्या मते प्रत्यक्ष नाही, शब्द आहे. टाकीतल्या दुधाने सेन्सरला सांगितलं, सेन्सरने बोर्डाला, बोर्डाने पीसीला, पीसीने एक्सेलला, एक्सेलने तुम्हाला. चार-पाच तोंडांतून आलेली साक्ष आहे ती. सेन्सरला इच्छा नसते हे मान्य. मग ‘जसं जाणलं तसं सांगायची इच्छा’ या साखळीत कुणाकडे आहे? जो ती साखळी जोडतो त्याच्याकडे. म्हणजे कोड लिहिणाऱ्याकडे. सेन्सर गप्प बसला तर पुढे काय सांगायचं, हे मी एका इफ-एल्समध्ये ठरवतो. जुना आकडा परत द्यायचा? शून्य द्यायचं? की रिकामं ठेवायचं? ती ओळ लिहिताना तिथे कुणी बघायला नसतं.

मुंगेशपूर आठवतंय? २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस नोंदवलं. तासाभरात तो आकडा सगळ्यांच्या फोनवर होता, स्क्रीनशॉट, मीम, पृथ्वीचा अंत, सगळं. हवामान खात्याने माणसं पाठवली, प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तुलना केली आणि जाहीर केलं की तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. लोकांनी खात्याची टिंगल केली. मला उलट वाटलं. एवढा गाजलेला आकडा मागे घेणं, तेही खरोखरचा उन्हाळा भाजत असताना, ही आप्ताची वागणूक आहे.

मग शेजारी ठेवलेलं प्रमाणित उपकरण बरोबर हे कशावरून? हा प्रश्न खोटा नाही. हासोक चांग या तत्त्वज्ञाने २००४ मध्ये ‘इन्व्हेंटिंग टेम्परेचर’ नावाचं अख्खं पुस्तक त्यावर लिहिलंय: पहिला थर्मामीटर बरोबर आहे हे तपासायला बरोबर थर्मामीटर नव्हताच, तर माणसाने सुरुवात कशी केली? हळूहळू, एका साक्षीदाराला दुसऱ्यासमोर उभं करत, दोघांनाही थोडं थोडं सुधारत. घरी करायचं झालं तर थर्मासमध्ये चुरलेला बर्फ आणि पाणी घ्या, ढवळा, सेन्सर बुडवा. शून्य यायला हवं. मी एकदा पाच सेन्सर एकदम बुडवले. पाच उत्तरं आली. चार शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत, एक दीड अंश वर. पाचवा बहुधा नकली. पण अंगावरची छपाई त्याचीच सगळ्यात सुबक होती.

इथवरचं सगळं एखाद्या शनिवारच्या गप्पांत मावण्यासारखं आहे. माझ्यासाठी ते गप्पांपुरतं राहिलं नाही, त्याला कारण दूध.

भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तिथे माझ्या मावसभावाचं दूध संकलन केंद्र आहे, दोन हजार लिटरची कूलर टाकी. सकाळ-संध्याकाळ गावातले लोक कॅन, बादल्या, किटल्या घेऊन येतात. वजनकाटा, फॅट मशीन आणि प्रिंटर एका जुन्या पीसीला जोडलेले. पावती हातात पडते. गाईचं ताजं दूध पस्तिसेक अंशांना येतं, टाकीने ते काही तासांत चारवर आणायचं. हे चार अंश म्हणजे शोभेचा नियम नाही. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात, आणि एकदा वाढले की नंतर कितीही गार करा, वाढलेले कमी होत नाहीत. गार करणं म्हणजे घड्याळ थांबवणं. ते उलटं फिरत नाही.

ज्या डेअरीला दूध जातं तिने तापमानाची नोंद मागितली. दर अर्ध्या तासाला एक आकडा, एक्सेल शीटमध्ये. टाकीच्या स्वतःच्या डिस्प्लेवर तापमान दिसतं, पण ते साठवलं जात नाही. पीसी होताच, म्हणून मी सेन्सर लावून दिला. काम झालं, शीट आपोआप भरायला लागली. महिन्याभरात दादाचा फोन.

“अरे, मधे मधे मोकळं राहतंय. त्यांच्या शीटमध्ये तेवढे रकाने लाल होतात.”

“लाईट जाते तेव्हा पीसी बंद होतो, दादा.”

“ते मला कळतं रे. तेवढ्या जागा भरून दे ना. संध्याकाळी उतरत असतं, पहाटे चार असतं. मधे उतरतच गेलं असणार. काय चाळीस होणार आहे का?”

दादाचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. दोन ज्ञात बिंदूंमधून रेघ ओढणं आम्ही रोज करतो. गूगल मॅप्स करतं, हवामानाचे नकाशे करतात, तुमच्या मनगटावरचं घड्याळ करतं. न्यायाच्या भाषेत ते अनुमान आहे, आणि अनुमान हे सन्माननीय प्रमाण आहे. माझी पहिली हरकत एवढीच होती की अनुमानाला प्रत्यक्षाचे कपडे घालू नयेत. तुटक रेघ काढतो, शेजारी ‘अंदाज’ लिहितो, म्हटलं. पण शीटमध्ये तुटक रेघेला जागा नव्हती. शेऱ्याचा रकाना नव्हता. एक आकडा, नाहीतर लाल. ज्याने ते शीट बनवलं त्याने ‘माहीत नाही’ या उत्तराची शक्यताच धरलेली नाही. आणि जिथे ‘माहीत नाही’ म्हणायची सोय नसते तिथे माणसं खोटं बोलायला शिकतात, वाईट असतात म्हणून नव्हे, फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून. ऑनलाइन फॉर्ममध्ये तांबडी चांदणी असलेल्या चौकटीत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी टिंब टाकून ‘सबमिट’ दाबलेलं आहे.

दुसरी हरकत जास्त गंभीर होती, आणि ती मला दादाशी बोलता बोलताच सुचली. रिकाम्या जागा दोन प्रकारच्या असतात. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हा भेद नीट मांडला: काही माहिती योगायोगाने गळते, काही गळायचं कारणच त्या माहितीत दडलेलं असतं. शाळेच्या हजेरीत एखाद्या मुलाची नोंद राहिली, ती बाई विसरल्या म्हणून. पण आजारी मुलांच्या उंची-वजनाची नोंद नेमकी राहते, कारण ती त्या दिवशी आलीच नाहीत. दादाच्या शीटमधली भोकं दुसऱ्या प्रकारची. लाईट गेली की पीसी बंद. पण लाईट गेली की कूलरसुद्धा बंद! ज्या कारणाने दूध धोक्यात येतं, त्याच कारणाने साक्षीदार बेशुद्ध पडतो. मग ‘आधी ठीक, नंतर ठीक, म्हणजे मधेही ठीक’ हे अनुमान नेमकं जिथे चुकू शकतं तिथेच आपण ते वापरणार. जनरेटर आहे, पण तो हाताने सुरू करायचा, आणि वळवाच्या पावसात रात्री उठून डिझेल आहे का बघणं सगळ्यांना दर वेळी जमतंच असं नाही.

मीमांसकांपैकी कुमारिल भट्टाच्या परंपरेत सहावं एक प्रमाण मानलंय: अनुपलब्धी. टेबलावर घागर दिसत नाही, यावरून घागर नाही हे कळतं. न दिसणं हेही कळायचं साधन. पण त्याला एक अट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: घागर असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पीसी बंद असताना ‘तापमान वाढल्याची नोंद नाही’ हे अंधाऱ्या खोलीतलं न दिसणं आहे. त्यावरून ‘तापमान वाढलं नाही’ म्हणणं म्हणजे अंधाराला साक्षीला बोलावणं.

हे सगळं मी दादाला याच शब्दांत सांगितलं नाही, उघड आहे. मी म्हटलं, “टाकी नासली आणि शीटवर रात्रभर तापमान चांगलं दिसलं, तर दोष कुणावर जाईल?”

तो गप्प झाला. उत्तर दोघांनाही माहीत होतं. टाकी सगळ्यांची मिळून एक असते. कूलर बरोबर चालला असं कागद म्हणाला, तर मग दूध कुणीतरी खराब घातलं असणार. आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे शेवटी तीन लिटर घेऊन येणारी बाई, जिची किटली नीट धुतली होती की नाही हे सिद्ध करायला तिच्याकडे सेन्सर नाही, पीसी नाही, एक्सेल नाही. कापला जाणार तिचा दुधाचा पगार.

पण मग दादा बोलला, आणि ते मी अजून पचवतोय.

“टाकीचा हप्ता मी भरतो. डिझेल मी घालतो. लाल रकाने दिसले की तो साहेब दर कमी करायची भाषा करतो. म्हणजे खरं बोलायचा खर्च माझ्यावर, आणि समाधान तुला.”

नीतिमत्तेवरच्या लेखांत ही बाजू फारशी येत नाही, बहुधा ते लिहिणारे माझ्यासारखे पगारी असतात म्हणून. पुण्यात वातानुकूलित ऑफिसात बसून ‘रिकामी जागा रिकामीच ठेवा’ म्हणणं मला फुकट पडतं. प्रामाणिकपणाची किंमत साखळीत खाली खाली सरकत जाते आणि जो शेवटी उभा असतो त्याच्या खिशातून वसूल होते. भोक भरलं तर शेतकरी अडकतो, न भरलं तर केंद्रवाला. डेअरीचा साहेब दोन्ही वेळा सुरक्षित. हा निष्कर्ष मला आवडत नाही, पण मला यातून सुटका देणारा युक्तिवाद सापडलेला नाही.

एक गोष्ट मात्र यातून कळली. नोंद दोन कामांसाठी ठेवतात: नुकसान टाळायला आणि दोष ठरवायला. पहिलं काम करणाऱ्या नोंदीत कुणी फारशी फेरफार करत नाही. लसीच्या कुपीवर एक गोल चिकटपट्टी असते, आत फिका चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा कधीच फिका होत नाही. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी फेकायची. पोलिओच्या लसीवर ही पट्टी १९९६ पासून आहे. तिला वीज लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, तिच्यात रिकामी जागा पडत नाही आणि ती भरताही येत नाही. कुठे, कधी, कुणाच्या हलगर्जीने हे ती सांगत नाही. बाळाला ही लस द्यायची की नाही, एवढंच सांगते. आपण सेन्सर पीसीला जोडतो तेव्हा त्या पट्टीच्या कितीतरी पट जास्त माहिती मिळवतो, वेळेसकट, मिनिटामिनिटाची. आणि वेळ आली की माणूस आला, माणूस आला की दोष आला, दोष आला की दादाचा फोन येतो: तेवढं भरून दे.

मी भरलं नाही. तांत्रिक उपाय केला. बोर्डाला स्वतःची बॅटरी, स्वतःचं घड्याळ, स्वतःचं मेमरी कार्ड दिलं. पीसी बंद पडला तरी बोर्ड जागा राहील आणि लाईट आल्यावर साचलेलं सगळं पीसीला सांगेल. खर्च हजाराच्या आत. शीटमधली भोकं बुजली, खऱ्या आकड्यांनी. दादा खूश.

मेमध्ये एका संध्याकाळी वळीव झाला. संकलन नुकतंच संपलेलं, टाकीतलं दूध साडेसतरापर्यंत उतरलेलं, आणि लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला साडेतीन तास लागले. बोर्डाने इमानाने सात ओळी लिहिल्या: १७.५, १७.६, १७.६, अशाच. मग जनरेटर, मग उतरण, पहाटे चार. जुन्या पद्धतीने दोन टोकं जोडून रेघ ओढली असती, तर त्या रात्रीची सुंदर, एकसारखी उतरण दिसली असती. साडेसतरा ते चार. कुठल्याही तपासनिसाला आवडेल अशी.

आलेख मला फोनवर दिसतो. सकाळी सहाला मी दादाला फोन केला.

“बघितलास?”

“बघितला.” बराच वेळ मागे फक्त कॅनचे आवाज. “टँकर आला की सांगतो.”

त्याने सांगितलं. ड्रायव्हरने वेगळा नमुना घेतला, दूध टँकरच्या वेगळ्या कप्प्यात भरलं. ते नाकारलं गेलं नाही, पण दर कमी लागला. दादाने गावातल्या कुणाचा पगार कापला नाही, फरक स्वतः सोसला. हे तो मला बोलला नाही, मावशीकडून कळलं. त्याच रात्री तीच लाईन गेलेल्या पुढच्या गावातल्या केंद्रावर सेन्सर नाही. त्यांची शीट हाताने भरली जाते. त्यांचं दूध पूर्ण दराने गेलं.

“आता तूच सांग,” पुढच्या रविवारी दादा म्हणाला, “ठेवू का काढू?”

वाईट नोंद नसलेल्यापेक्षा नोंदच नसलेला फायद्यात राहतो, हे मी त्याला नाकारू शकलो नाही. मी म्हटलं, ठेव. आणि जनरेटरला आपोआप सुरू होणारा स्विच आपण दोघं मिळून घेऊ, अर्धे पैसे माझे. तो म्हणाला, अर्धे पैसे देऊन तू माझ्या बाजूला येतोस की तुझ्या सेन्सरच्या? मी हसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. स्विच घेतला. डेअरीला मी एक ईमेल पाठवला, मराठीत आणि इंग्रजीत, की शीटमध्ये तापमानाच्या शेजारी शेऱ्यासाठी एक रकाना वाढवावा, ‘लाईट नव्हती’, ‘सेन्सर बंद’, ‘माहीत नाही’ असं लिहिता येईल असा. पाच मिनिटांचं काम आहे. चार महिने झाले, उत्तर नाही.

दरम्यान दादाने पीसीच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. लाईट गेली की गेल्याची वेळ, आल्याची वेळ, जनरेटर कधी सुरू केला, आणि खाली सही. गेल्या महिन्यात बोर्डाची बॅटरीच बसली आणि एका रात्रीचे आकडे आले नाहीत. शीटमध्ये तेवढे सहा रकाने लाल आहेत. वहीत त्या तारखेला लिहिलंय, ‘मी झोपलो होतो, माहीत नाही.’